तार एकाची, वीज दुसऱ्याची

अंधेरी, बोरिवली किंवा चेंबूरला राहणाऱ्या माणसाला एक मुभा आहे, जी पुणेकराला, नाशिककराला किंवा लातूरच्या दुकानदाराला नाही. घरात वीज कोणाची घ्यायची हे तो ठरवू शकतो. अदानी इलेक्ट्रिसिटी महाग वाटली तर टाटा पॉवरकडे अर्ज करायचा. टाटाचं बिल डोईजड झालं तर परत फिरायचं. गंमत अशी की या अदलाबदलीत बहुतेक वेळा रस्ता खणावा लागत नाही आणि नवी केबलही टाकावी लागत नाही. जमिनीखालून येणारी तार तीच राहते, बिलावरचं नाव तेवढं बदलतं.

मग हीच सोय राज्यभर का नाही? आणि मुंबईत ती असूनही विजेचे दर भाजीबाजारासारखे खाली का येत नाहीत? वीज क्षेत्रातलं ‘उदारीकरण’, ‘नियमन’ आणि ‘स्पर्धा’ हे तीन जड शब्द समजून घ्यायला मुंबईइतकं चांगलं उदाहरण देशात दुसरं नाही.

आधी एक शंका दूर करू. तार अदानीची असताना तिच्यातून टाटाची वीज येते कशी? खरं सांगायचं तर येत नाही. विजेवर कोणाचं नाव नसतं. कोयनेची, चंद्रपूरची, डहाणूची, ट्रॉम्बेची वीज एकाच जाळ्यात ओतली जाते आणि जवळ जिथे मागणी असेल तिथे ती वापरली जाते. मग उरतो तो सगळा हिशेबाचा मामला. कोणी किती वीज जाळ्यात घातली आणि कोणाच्या ग्राहकांनी किती काढली, याची पंधरा-पंधरा मिनिटांची नोंद राहते. राज्यापुरतं हे काम ऐरोलीचं राज्य भार प्रेषण केंद्र पाहतं. तुम्ही टाटाचे ग्राहक असाल, तर तुम्ही वापरलेले युनिट टाटाच्या खात्यावर पडतात आणि तेवढी वीज टाटाने जाळ्यात घालायची असते. पुरवठादार बदलणं म्हणजे खातं बदलणं, इतकंच.

हे एकदा पटलं की पुढचं सोपं आहे. वीजधंदा हा एक धंदा नसून तीन-चार धंद्यांची मोट आहे. वीज तयार करणं म्हणजे निर्मिती. ती मोठ्या मनोऱ्यांवरून शहरापर्यंत आणणं म्हणजे पारेषण. गल्लीबोळातल्या तारांमधून घरापर्यंत पोचवणं म्हणजे वितरण. आणि या सगळ्यापलीकडे वीज घाऊक घेऊन किरकोळीत विकणं, बिल लावणं, पैसे वसूल करणं, हा चौथा भाग. पूर्वी हे सगळं एकाच घरात असायचं, म्हणून ते वेगळं दिसायचंच नाही.

यातल्या निर्मितीत आणि विक्रीत स्पर्धा होऊ शकते. दहा कंपन्यांनी दहा वीजकेंद्रं उभारावीत, काही बिघडत नाही. पण तारेत स्पर्धा परवडत नाही. एका गल्लीत दोन कंपन्यांनी दोन केबली टाकल्या तर खर्च दुप्पट होतो आणि ग्राहक मात्र तेवढेच राहतात. तो दुप्पट खर्च शेवटी त्याच ग्राहकांच्या बिलात येतो. पहिली केबल पडली की दुसऱ्याने तिथे यावं असं गणितच उरत नाही. अर्थशास्त्रात याला नैसर्गिक मक्तेदारी म्हणतात. पाण्याची पाइपलाइन, रेल्वेचे रूळ, पाइपने येणारा गॅस, सगळीकडे हीच गत.

मक्तेदाराला मोकळं सोडलं तर तो मनाला येईल तो भाव लावणार. म्हणून नियामक लागतो. आणि तारेचा मालक स्वतःही वीज विकत असेल, तर तो प्रतिस्पर्ध्याला तार देताना खळखळ करणार, भाडं चढवून सांगणार. म्हणून नियामक आणखीच लागतो. मंगल कार्यालयाचं पाहा ना. मालक सांगतो, “बाहेरचा केटरर आणा, आमची काही हरकत नाही. फक्त ताटामागे रॉयल्टी पडेल.” ती रॉयल्टी किती, यावरच बाहेरचा केटरर परवडतो की नाही ते ठरतं. केटररच्या हातच्या चवीवर नाही. विजेच्या बिलात या रॉयल्टीचं नाव आहे ‘वहन आकार’. बिल हातात घेतलं की आपण एकूण रक्कम पाहतो, फार तर युनिट पाहतो. स्थिर आकार आणि वीज आकार यांच्या शेजारी निमूट बसलेल्या या ओळीकडे कोणी बघत नाही. माझ्या मते वीज क्षेत्रातल्या स्पर्धेचं भवितव्य याच ओळीत आणि तिच्या भोवतीच्या दोन-तीन अधिभारांत ठरतं. तारेचं भाडं कोण ठरवतो आणि त्यात काय काय घालतो हे पाहिलं की स्पर्धा खरी आहे की कागदावरची, ते कळतं.

मुंबईचा गुंता

मुंबईत तीन जुनी घराणी. ट्राम चालवणारी आणि वीज पुरवणारी बेस्ट 1905 ची. ती 1947 च्या ऑगस्टमध्ये महापालिकेकडे आली. टाटांनी खोपोलीला जलविद्युत केंद्र उभारून 1915 पासून गिरण्यांना वीज द्यायला सुरुवात केली, पुढे भिवपुरी आणि भिरा झालं. तिसरी बीएसईएस, 1929 ची, उपनगरांना वीज देणारी. ढोबळ वाटणी अशी होती: कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्ट, पुढची बहुतेक उपनगरं बीएसईएसकडे, आणि टाटा या दोघांना घाऊक वीज विकणार, शिवाय रेल्वे आणि कारखान्यांसारखे मोठे ग्राहक सांभाळणार. मुलुंड-भांडुपकडे सरकारी वीज मंडळ. कित्येक दशकं हे असंच सुखाने चाललं, कारण कोणी कोणाच्या अंगणात जात नव्हतं.

2003 च्या आसपास दोन गोष्टी घडल्या. बीएसईएस रिलायन्सकडे गेली आणि संसदेने नवा वीज कायदा केला. विद्युत अधिनियम 2003 ने 1910 आणि 1948 चे जुने कायदे मोडीत काढले. वीजनिर्मितीला परवाना लागणार नाही, मोठ्या ग्राहकांना दुसऱ्याच्या तारेतून हव्या त्या पुरवठादाराची वीज घेता येईल, आणि एकाच भागात दोन वितरण कंपन्यांना परवाना देता येईल, अशी ही मोकळीक होती. यातल्या तिसऱ्या गोष्टीला एक अट होती, आणि ती मोठी मजेशीर आहे. दुसऱ्या कंपनीने वीज द्यायची ती ‘स्वतःच्या वितरण जाळ्यातून’. म्हणजे स्पर्धा हवी असेल तर दुसरी केबल टाका. जी गोष्ट परवडत नाही असं सगळं अर्थशास्त्र सांगतं, तीच कायद्याने अट म्हणून घातली!

टाटाचं म्हणणं, आमच्या जुन्या परवान्यात किरकोळ ग्राहकांना वीज विकायची मुभा आहेच. रिलायन्सचं म्हणणं, तुम्ही घाऊक व्यापारी, घरोघर यायचं काम नाही. भांडण विजेचे दर ठरवणाऱ्या राज्याच्या नियामक आयोगाकडून अपिलीय न्यायाधिकरणाकडे आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं. 8 जुलै 2008 ला निकाल लागला: टाटाला तिच्या परवान्याच्या सगळ्या भागात, लहान-मोठ्या कुठल्याही ग्राहकाला वीज विकता येईल.

हक्क मिळाला, पण तार कुठे होती? उपनगरांत टाटाचं जाळं विरळ. वर्षभर ग्राहक ताटकळले. मग 15 ऑक्टोबर 2009 ला महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने तोडगा काढला: टाटाने रिलायन्सची तार वापरावी, त्याबद्दल वहन आकार द्यावा, आणि ग्राहकाने बसल्या जागी पुरवठादार बदलावा. यालाच ‘चेंजओव्हर’ म्हणतात. फॉल्ट झाला तर दुरुस्ती तारेच्या मालकाने करायची, बिल मात्र नव्या पुरवठादाराने लावायचं. घरगुती ग्राहकांसाठी असा प्रयोग देशात दुसरीकडे कुठे झाला नव्हता.

आता पळाले कोण? ज्यांचं बिल मोठं ते. ऑफिसं, मॉल, एसी लावून बसणारे फ्लॅटवाले. आणि इथून खरी कथा सुरू होते, कारण विजेचे दर हे नुसते खर्चावर ठरत नाहीत. वस्तीतल्या महिना साठ-सत्तर युनिट जाळणाऱ्या घराला वीज खर्चापेक्षा स्वस्त मिळते आणि तो खड्डा मॉलकडून, कारखान्याकडून, पाचशे युनिटांच्या वर जाणाऱ्या घराकडून भरून घेतला जातो. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. कंपनीला एक युनिट सरासरी आठ रुपयांना पडतं असं समजू. वस्तीकडून पाच घ्यायचे, मॉलकडून अकरा, आणि दोन्ही मिळून आठ बसवायचे. (हे आकडे फक्त समजावण्यापुरते.) मॉल निघून गेला की आठचा हिशेब बसत नाही. मागे उरलेल्यांचे दर वाढवावे लागतात. दर वाढले की त्यांच्यातले आणखी काही निघतात. परत दरवाढ.

रिलायन्सने आरोप केला की टाटा मलई काढून नेते आहे. टाटाचं उत्तर, ग्राहक स्वतःहून आमच्याकडे येतायत, दार कसं बंद करू? दोघांचंही खरं होतं, म्हणून हे भांडण नुसत्या तत्त्वाने सुटणारं नव्हतं. आयोगाने 2011 मध्ये टाटाकडे गेलेल्या ग्राहकांवर क्रॉस सबसिडी अधिभार बसवला. म्हणजे जाताना तुमच्या वाट्याची मदत इथे ठेवून जा. ऑगस्ट 2012 मध्ये आयोग आणखी पुढे गेला आणि काही काळ महिना 300 युनिटांपर्यंतच्या ग्राहकांनाच चेंजओव्हरची मुभा ठेवली. टाटाने गरिबांनाही घ्यावं, नुसती मलई नको, हा त्यामागचा हेतू.

त्यात जुन्या थकीत वसुलीची भर पडली. आयोगाने एखाद्या वर्षी दरवाढ टाळली की कंपनीचा न भरलेला खर्च ‘नियामक मत्ता’ म्हणून वहीत लिहून ठेवला जातो. नाव मोठं भारदस्त आहे, पण ती उधारीच, व्याजासकट ग्राहकांच्या डोक्यावर. उपनगरांत ती फुगत गेली आणि वसूल करायची वेळ आली तेव्हा प्रश्न आला की टाटाकडे गेलेल्यांनी ती भरायची का? जुनी वीज त्यांनीही जाळली होती. तेव्हा त्यांच्याही बिलात तो आकार आला.

बेरीज करा. टाटाचा वीज आकार, त्यावर रिलायन्सच्या तारेचा वहन आकार, त्यावर क्रॉस सबसिडी अधिभार, त्यावर जुन्या उधारीचा हप्ता. ज्याला ‘स्वस्त’ म्हणून ग्राहक गेला, ते स्वस्त कितीसं उरलं? पुढे टाटाचे दर चढले, तसे बरेच ग्राहक उलट्या पावली परतही आले. अदानीने 2018 मध्ये रिलायन्सचा हा धंदा घेतला, तेव्हा चेंजओव्हरचा पहिला जोर ओसरला होता.

आयोगाने स्पर्धा मारली असं म्हणणारे बरेच आहेत. मला ते अर्धवट वाटतं. अधिभार नसता, तर वस्तीतल्या घराने मॉलच्या स्वस्त विजेचे पैसे भरले असते. पण हेही खरं की गरिबाची मदत दुसऱ्या ग्राहकाच्या बिलात लपवली, म्हणून स्पर्धेची आणि मदतीची सांगड पडली. ती मदत सरकारने तिजोरीतून उघडपणे दिली असती, तर मॉल कुठेही गेला असता तरी वस्तीला त्याची झळ पोचली नसती.

बेस्टच्या भागात काय झालं? तिथे गोष्टच वेगळी. कायद्यात स्थानिक स्वराज्य संस्थेला सूट आहे: तिची तार दुसऱ्याला वापरू देण्याची सक्ती नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये टाटाचा दक्षिण मुंबईत वीज द्यायचा हक्क मान्य केला, पण द्यायची ती स्वतःच्या जाळ्यातून. आता फोर्ट-गिरगावच्या गल्ल्यांमध्ये नवी केबल टाकायची कल्पना करा. खोदाईची परवानगी, ट्रॅफिक पोलिसांची परवानगी, पावसाळ्यात बंदी, आणि सबस्टेशनला जागा? परवानगी देणारी महापालिका आणि बेस्टची मालकीण एकच, हा तपशील जाता जाता.

आणखी एक गोष्ट या सगळ्या दाव्या-प्रतिदाव्यांत मागे पडली. शहरात विक्रेते दोन असोत की दहा, बाहेरून मुंबईत वीज आणणाऱ्या पारेषणाच्या वाहिन्या मोजक्याच आहेत. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास त्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. टाटाचा ग्राहक, अदानीचा ग्राहक, बेस्टचा ग्राहक, सगळे एकाच अंधारात. पुढे खारघर-विक्रोळी ही 400 केव्हीची वाहिनी झाली. बाहेरची वीज पुरेशी आत येत नाही तोवर शहरातली महागडी केंद्रं चालवावी लागतात, आणि मग विक्रेत्यांच्या चढाओढीला स्वस्त माल कुठून मिळणार?

दाभोळ: खासगी होतं, स्पर्धा नव्हती

उदारीकरण म्हटलं की महाराष्ट्रात अजून एन्रॉन आठवतं, आणि आठवायलाच हवं. 1992 च्या जूनमध्ये राज्याने एन्रॉन या अमेरिकी कंपनीबरोबर समझोता केला. निविदा नव्हती. गुहागर तालुक्यात दाभोळ प्रकल्पाचं प्रचंड वीजकेंद्र उभारायचं आणि त्याची वीज राज्य वीज मंडळाने घ्यायची. घेतली नाही तरी स्थिर खर्चाचे पैसे द्यायचे, तेही डॉलरच्या भावाशी बांधलेले. 1995 मध्ये सरकार बदललं, करार रद्द झाला, फेरवाटाघाटी झाल्या आणि प्रकल्प परत आला. 740 मेगावॉटचा पहिला टप्पा 1999 मध्ये सुरू झाला, तो नाफ्था या खनिज तेलापासूनच्या इंधनावर. तेलाचे भाव चढले, रुपया घसरला, वीज मंडळाची कंबर मोडली. 2001 मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं, केंद्र बंद पडलं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत खुद्द एन्रॉननेच दिवाळं काढलं.

पुष्कळांनी यातून ‘खासगीकरण वाईट’ असा अर्थ घेतला. पण दाभोळमध्ये बाजार होताच कुठे? विक्रेता एक, खरेदीदार एक, भाव बंद दाराआड ठरलेला, आणि धोका सगळा खरेदीदाराच्या माथी. मक्तेदारी सरकारी हातातून खासगी हातात गेली, एवढंच. उदारीकरण आणि स्पर्धा यांत कसं अंतर असतं ते इथे उघड दिसतं. 2003 च्या कायद्यात निविदा मागवून वीज खरेदी करायची वाट दिली, 2008 पासून विजेचे एक्सचेंज सुरू झाले. तिथे दुसऱ्या दिवसाची वीज पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत लिलावाने विकली जाते, दुपारी सौरऊर्जेच्या वेळी स्वस्त आणि संध्याकाळी महाग. निर्मितीतली स्पर्धा जिथे नीट आखली, तिथे तिचं फळ मिळालं. सौर विजेचे भाव पाहिले तरी ते कळेल.

वीज मंडळाचे तुकडे 6 जून 2005 ला झाले: महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि वर एक सूत्रधारी कंपनी. मालक एकच, राज्य सरकार. पण तार आणि वीजकेंद्र यांचा हिशेब वेगळा झाला आणि खर्च कुठे गळतो ते दिसू लागलं.

मालकी सरकारची, चालवणारा दुसरा

जिथे एकाच वेळी दोघांची स्पर्धा शक्य नाही, तिथे स्पर्धा आधी घेता येते: हा भाग पुढची काही वर्षं कोण चालवणार यासाठी बोली लावायची. भिवंडीत हेच झालं. यंत्रमागांचं गाव, निम्म्याहून जास्त विजेचे पैसे गळती, चोरी आणि थकबाकीत बुडणारे, वसुलीला गेलेला वायरमन मार खाऊन येणारा. महावितरणने जाळं स्वतःकडे ठेवलं आणि चालवायला टोरेंट पॉवरला दिलं, 2007 च्या जानेवारीपासून. करार सरळ होता. आम्ही तुम्हाला वीज देऊ, तुम्ही दर युनिटमागे ठरलेली रक्कम आम्हाला द्या, ग्राहकांकडून दर आयोगाचाच घ्या, आणि गळती कमी करून जे वाचेल ते तुमचं. कंपनीला गळती थांबवण्यातच फायदा. डीपी बदलल्या, मीटर बदलले, चोरून टाकलेले आकडे काढले, आणि काही वर्षांत गळती पाचव्या हिश्श्याच्या आसपास आली. बिलांबद्दलच्या तक्रारी, मीटर जोरात पळतात असे मोर्चे, हेही झालं. पण भारनियमन कमी झालं हे यंत्रमागवाला नाकारणार नाही.

मग हाच कित्ता 2011 मध्ये औरंगाबाद, जळगाव, नागपूरला गिरवला. औरंगाबादला जीटीएल 2014 मध्ये गेली, जळगावला क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज 2015 मध्ये. नागपूरला स्पॅन्कोच्या जागी दुसरी कंपनी आली, तीही 2019 मध्ये जाळं परत देऊन मोकळी झाली. कुठे महावितरणचे पैसे थकले, कुठे बोली इतकी चढी लावलेली की तग धरताच आला नाही. भिवंडीत गळती एवढी होती की सुधारणेला वाव भरपूर. जिथे गळती आधीच माफक, तिथे चढ्या बोलीचा पैसा काढणार कुठून? कंपनी बुडते, ग्राहक परत महावितरणकडे येतो, मधल्या काळात देखभाल न झालेलं जाळं घेऊन.

बोली जिंकणं आणि काम निभावणं वेगळं, हे परदेशातही दिसलं. ब्रिटनमध्ये घरगुती ग्राहकाला पुरवठादार बदलायची मुभा 1999 पर्यंत सर्वत्र मिळाली. 2021 च्या उत्तरार्धात गॅसचे घाऊक भाव भडकले आणि सुमारे तीस पुरवठादार बुडाले. त्यांच्यात कित्येकांकडे ना वीजकेंद्र ना पुढच्या भावाची तरतूद. कॉल सेंटर आणि वेबसाइट, एवढाच पसारा. त्यांच्या ग्राहकांना दुसऱ्यांनी सामावून घेतलं आणि तो खर्च सगळ्या देशाच्या बिलात वाटला गेला. टेक्सासमध्ये 2021 च्या फेब्रुवारीतल्या थंडीत घाऊक भाव युनिटला नऊ डॉलरच्या कमाल मर्यादेपर्यंत गेला, आणि ज्यांनी घाऊक भावाशी जोडलेली योजना घेतली होती त्यांना काही दिवसांचं बिल हजारो डॉलर आलं. आपल्या आयोगाचे दर आपल्याला कंटाळवाणे वाटतात, पण त्या कंटाळ्यात विमा दडलेला असतो.

‘मोबाइलमध्ये झालं, मग विजेत का नाही?’ हा प्रश्न नेहमी येतो. मोबाइलला गल्ली खणावी लागत नाही. एका टॉवरवर तीन कंपन्यांचे अँटेना बसतात, जाळं दुबार उभारणं तुलनेने स्वस्त. 1995 मध्ये मोबाइल आला, तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय 20 जानेवारी 2011 पासून देशभर झाली आणि ग्राहकाचा हात वर आला. 2016 मध्ये जिओ आली, डेटा कवडीमोल झाला, कित्येक कंपन्या गाशा गुंडाळून गेल्या. आज बाजारात दोन दांडगे, एक धापा टाकणारा आणि एक सरकारी. अलीकडे रिचार्ज महाग होतायत, तेव्हा तिथलीही गोष्ट अजून संपलेली नाही.

बाकी राज्यात, म्हणजे महावितरणच्या भागात, स्पर्धा आहे ती फक्त मोठ्यांसाठी. एक मेगावॉटच्या वरच्या कारखान्याला बाहेरची वीज घेता येते. 2022 च्या केंद्राच्या नियमांनी हरित विजेसाठी ही मर्यादा 100 किलोवॉटवर आणली. चाकणचा किंवा बुटीबोरीचा कारखानदार यासाठी बसतो तेव्हा विजेचा भाव नंतर बघतो, आधी वहन आकार, पारेषण आकार, अधिभार यांची बेरीज करतो. त्याने जायचं ठरवलं की महावितरणला धडकी भरते, कारण शेतीपंपाचा भार उचलणाऱ्यांत तो पुढे असतो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना 2024 पासून सरकारने मोफत वीज दिली आहे, 44 लाखांवर शेतकऱ्यांना. त्यातलं सरकारी तिजोरीतून वेळेवर किती येतं आणि बाकीच्या ग्राहकांच्या दरात किती मिसळतं, यावर चाकणच्या कारखान्याचा निर्णय अवलंबून असतो. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसतं.

अदानीच्या कंपनीने भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, उरण या महावितरणच्या पट्ट्यात समांतर परवाना मागितला, तेव्हा जानेवारी 2023 मध्ये राज्यभरचे वीज कर्मचारी संपावर गेले. 72 तासांचा संप, सरकारशी बोलणी होऊन त्याच दिवशी मागे घेतला गेला. त्यांच्या घोषणा खासगीकरणाविरुद्ध होत्या, पण मागे मुद्दा तोच होता: तळोजा आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने गेले, तर गडचिरोलीच्या आणि जव्हारच्या तारेचा खर्च कोण उचलणार?

केंद्र सरकार गेली काही वर्षं यावर उत्तर शोधतंय. ऑगस्ट 2022 मध्ये लोकसभेत आलेलं वीज दुरुस्ती विधेयक स्थायी समितीकडे गेलं. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये नवा मसुदा आला. ‘स्वतःच्या जाळ्यातून’ ही जुनी अट काढून, एकाच जाळ्यावर अनेक विक्रेते, अशी त्यातली दिशा. म्हणजे मुंबईच्या उपनगरांत आयोगाने 2009 मध्ये तात्पुरता काढलेला तोडगा आता देशाचा कायदा होऊ घातलाय. आता प्रश्न तपशिलाचे आहेत. तारेचं भाडं ठरवताना जुनाट ट्रान्सफॉर्मर आणि फाजील खर्च त्यात धरायचा का? पैसे न भरणारा ग्राहक कोणाच्या गळ्यात? स्वस्त वीज खरेदीचे जुने करार कोणाला, महाग कोणाला?

या प्रश्नांची उत्तरं दिल्लीत कमी आणि आयोगाच्या सुनावणीत जास्त ठरतील. कंपनी दरवाढीची याचिका करते, वर्तमानपत्रात जाहिरात येते, हरकतींना मुदत असते, मग मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा ठिकाणी जाहीर सुनावण्या होतात. खर्चाचे आकडे कंपनीचे, आणि ते तपासायला आयोगाकडे माणसं मोजकी. तिथे औद्योगिक संघटनांचे वकील असतात, ग्राहक चळवळीतले काही जण असतात, आणि पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या गटातले अभ्यासक, ज्यांनी दाभोळचा करार आकडेमोडीने उघडा पाडला होता. घरगुती ग्राहक क्वचितच फिरकतो. हरकत नोंदवायला वकील लागत नाही, मराठीतून लिहिली तरी चालते, आणि वहन आकाराच्या तक्त्यातल्या प्रत्येक रकमेचा हिशेब मागायचा हक्क कोणालाही आहे.